दोन मजल्यांचा पाया

ताई,

परवा सोसायटीच्या अंगणात तुझी शोकसभा झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तुझ्या कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता, तोच, ज्यात तू कुणाला तरी दम देत असल्यासारखी दिसतेस. सगळे बोलून झाल्यावर मला उठवलं. मी म्हणालो, "हे घर ताईने उभं केलं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सेक्रेटरी मान हलवत म्हणाले, "अगदी खरं." आणि मी खाली बसलो.

पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. ह्या घरात तिला स्वतःचा एक मजला हवा होता आणि तो मी होऊ दिला नाही. ते मी गिळलं. तुझ्यासमोर गिळायची सवय होती, लोकांसमोर काही जड गेलं नाही.

तुला नक्की किती कळलं होतं, हे मला माहीत नाही. तू विचारशील म्हणून घाबरण्यात गेले तीन महिने गेले, आणि मग तूच गेलीस. म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुला माहीत आहे तेही सांगतो, नाहीतर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगेन.

चौदा वर्षांपूर्वी आपलं चारकोपचं बैठं घर पाडायचं ठरलं. बाबांना सरकारी योजनेत मिळालेला एवढासा प्लॉट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, वर पत्रे. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात आई, तू, मी, सुमन, आमचा रोहन, प्रकाश आणि त्याची नवी बायको. एका रविवारी इंजिनिअर दोन नकाशे देऊन गेला. एकात तळमजला धरून दोन मजले, दुसऱ्यात तीन. आपण ते कॉटवर पसरले. कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून प्रकाशने एका टोकाला साखरेचा डबा ठेवला आणि दुसऱ्या टोकावर तू मांडी घालून बसलीस.

"दोन भाऊ, दोन मजले," मी म्हणालो. "खाली प्रकाश, वर मी. आई खालीच राहील, तिला जिना नको."

"आणि मी काय, जिन्यात?" तू म्हणालीस.

सगळे हसले. मीही हसलो.

"ताई, तू तर सगळ्यांचीच आहेस. तुला वेगळा मजला कशाला?"

"सगळ्यांची तर पोस्टाची पेटी पण असते रे साहेब. ती बिचारी रस्त्यावर उभी असते."

मग तू उठून पिशवीतून एक पुठ्ठा आणलास. तुझ्या कंपनीतला, गोळ्यांच्या खोक्याचा, उलगडून सपाट केलेला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तुझा मजला काढला होतास. एक खोली, पश्चिमेला खिडकी, कोपऱ्यात मोरी, तिच्या बाजूला ओटा. ओट्याच्या चौकोनात लिहिलं होतं, "उंची माझ्या मापाची."

"इतकी वर्षं दुसऱ्याच्या मापाच्या ओट्यावर भाकऱ्या थापल्या," तू म्हणालीस. "खांदे वर आले माझे. बघ, कान टेकतात."

आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता तिच्या मालवणीत म्हणाली, "तिका व्हया तर बांधा रे. खंय जातली ती?"

प्रकाश म्हणाला, "दादा ठरवेल ते." तो तेव्हाही असंच म्हणायचा. मी म्हणालो, आपली जमीन खाजणाची, भरणी केलेली. खड्डा खणल्यावर इंजिनिअर सांगेल तेवढे मजले. हे त्या दिवशी तरी खोटं नव्हतं. पण मनात मी आधीच दोन ठरवले होते, आणि इंजिनिअरने माझ्या बाजूने बोलावं म्हणून वाट बघत होतो.

खड्डा खणला त्या दिवशी तू पहिल्या पाळीला होतीस. पाच फुटांवर काळा चिखल लागला, पाणी आलं, एक खेकडाही वर आला. मिस्त्री म्हणाला, "पानी तो आएगाच साहब, पंप लगा देंगे." अजून थोडं खाली गेल्यावर पहारीचा आवाज बदलला. मुरूम लागला होता. इंजिनिअर स्वतः खड्ड्यात उतरला, बूट चिखलाने भरले त्याचे. वर येऊन मला म्हणाला, "जमीन चांगली आहे. पायाची फूटिंग थोडी मोठी घेऊ. तीन मजले आरामात."

तू दुपारी कामावरून थेट प्लॉटवर आलीस. डबा अजून हातात होता. खड्ड्याच्या कडेला उभी राहून विचारलंस, "काय म्हणाला इंजिनिअर?"

मी पाण्याकडे बोट दाखवलं. "बघ ना. पाणी आहे खाली. दोनच झेपतील म्हणाला."

तू वाकून पाहिलंस. तो खेकडा अजून तिथेच होता. "ह्याला झेपतंय की," तू म्हणालीस.

"चेष्टा नको ताई. उद्या घर खचलं तर?"

तू डबा दुसऱ्या हातात घेतलास. मग म्हणालीस, "बरं. दोन तर दोन. जमिनीशी कोण भांडणार?"

माझ्याशी भांडली असतीस, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी जमिनीला पुढे केलं.

इथे थांबलो असतो तरी पुढे काही करता आलं असतं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा फोन आला. मी साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये होतो, मशिनच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून बाहेर गल्लीत आलो. त्याला म्हणालो, दोनच करायचे आहेत. तो म्हणाला, "हरकत नाही. पण पाया तीनचा घालून ठेवा. फरक फार नाही पडत. मजला पुढे कधीही चढवता येतो, पाया नंतर बदलता येत नाही."

मी म्हणालो, "नको. दोनचाच घाला."

तो म्हणाला, "नक्की ना?"

मी म्हणालो, "नक्की."

ताई, मी खोटं बोललो हा एक गुन्हा. पण ते खोटं कधी उघडं पडू नये म्हणून मी ते सिमेंटात घालून खरं करून टाकलं, हा दुसरा. तीनचा पाया असता तर तू दर दिवाळीला विचारलं असतंस, चढवायचा का रे आता माझा मजला? मला तो प्रश्नच संपवायचा होता. त्या फोननंतर आपलं घर खरोखरच दोन मजल्यांपेक्षा जास्त पेलू शकत नव्हतं. मला बरं वाटलं होतं. सुटलो, असं वाटलं होतं. वर्कशॉपच्या बाहेर उभं राहून मी कटिंग चहा प्यायलो, तो गोड लागला होता, हेही आठवतं.

का केलं, हे मी स्वतःला वेगवेगळं सांगत आलो. बरीच वर्षं सुमनवर ढकललं, की तिला डोक्यावर कुणी राहायला नको होतं. सुमनने कधी असं म्हटलं नव्हतं. उलट ती एकदा म्हणाली होती, ताईंची खोली वर झाली तर बरंच, मला दुपारी गप्पा मारायला जागा. खरं कारण असं की तीन मजले म्हणजे कागदावर तीन नावं. आणि तू प्रकाशच्या संसारात जास्त रमायचीस. त्याच्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते. मी विचार केला होता, ताईचं लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, उद्या तिचा मजला प्रकाशच्या मुलांना जाईल आणि रोहनला एकच उरेल. तू चव्वेचाळीस वर्षांची होतीस, खड्ड्याच्या कडेला डबा घेऊन उभी होतीस, आणि मी तू गेल्यानंतरचं सगळं आखून बसलो होतो.

आता तू गेलीस. ते आखलेलं सगळं तसंच्या तसं झालंय. रोहनला एक मजला, प्रकाशच्या मुलींना एक. कुणाचं काही चुकलेलं नाही, असं दिसतं.

घर बांधलं जात असताना तू काय केलंस ते सगळ्या सोसायटीने पाहिलंय, म्हणून परवा त्या बायका रडल्या. आपण पलीकडच्या सेक्टरमध्ये भाड्याने राहत होतो. तू पहाटे उठून आधी प्लॉटवर जायचीस, कॉलमना गुंडाळलेल्या गोणपाटांवर पाणी मारायचीस, मग पाळीला. संध्याकाळी परत पाणी. स्लॅब ओतला त्या दिवशी तू रजा घेतलीस, कामगारांना वडे तळून घातलेस. पुढे स्लॅबवरही रोज पाणी धरलंस आणि मिस्त्रीला म्हणालीस, "मिस्त्री, स्लॅब गळला ना, तर तुला उलटा टांगेन." तो म्हणाला, "दीदी, आपके पानी से तो पत्थर हो गया है." तुझ्या पाण्याने पक्का झालेला तो स्लॅब माझ्या डोक्यावर आहे. चौदा पावसाळ्यांत एक थेंब गळला नाही.

गच्ची झाल्यावर मिस्त्रीने सवयीने कॉलमच्या सळया हातभर वर सोडल्या होत्या. सगळेच सोडतात, पुढचा मजला कधी चढवायचा झाला तर जोडायला. मी त्या बघितल्या आणि त्याच दिवशी कापायला लावल्या. ठिणग्या उडत होत्या. तू वर आलीस.

"कापतोस कशाला रे? दोरी बांधली असती मी, गोधड्या वाळत घालायला."

"गंजतात ग. पाणी उतरतं खाली."

"तुला बरंच कळायला लागलं रे बांधकामातलं," तू म्हणालीस. ह्या वाक्याचा मी आजवर शंभर वेळा विचार केलाय. कौतुक होतं की टोमणा? तुझ्या बोलण्यात दोन्ही एकाच चालीत यायचं.

मग तू राहायला लागलीस. म्हणजे, तुझी झोप वर आमच्या हॉलमध्ये आणि कपाट खाली जिन्याखाली. सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून तू जिन्यात उभी राहायचीस, वरचं बाथरूम आधी रिकामं होतंय की खालचं, त्याची वाट बघत. सुमनचे माहेरचे आले की तू खाली, प्रकाशच्या सासरचे आले की वर. एका गणपतीत दोघांकडेही पाहुणे आले. तू म्हणालीस, बोरिवलीची मैत्रीण आजारी आहे, दोन दिवस जाते तिच्याकडे. ती मैत्रीण शोकसभेला आली होती. मी तिला विचारलं, तेव्हा काय झालं होतं हो तुम्हाला? ती म्हणाली, "मला? मला काही नव्हतं झालं. आम्ही दोन दिवस पत्ते खेळलो."

तुला रडकुंडीला आलेली मी कधी पाहिली नाही असं नाही, पण घरासाठी कधीच नाही. बाबांची गिरणी बंद झाली तेव्हा तू कॉलेज सोडून पॅकिंगला लागलीस, तेव्हाही नाही. माझा डिप्लोमाचा निकाल बघायला तू माझ्याबरोबर आली होतीस, कारण मी एकटा जायला घाबरत होतो. बोर्डावर माझा नंबर तूच शोधलास आणि तिथल्या गर्दीत ओरडलीस, "झकास! आता कमव आणि मला बसून खायला घाल." तुला बसून खाता आलं नाही. बसायला जागा कुठे ठेवली होती मी?

गेल्या दिवाळीनंतर रोहनचं लग्न ठरलं. आणि मला, ताई, मलाच तिसरा मजला हवासा झाला. लाज ह्याचीही वाटते की तेव्हा मला आधी लाज वाटली नाही. मी मनाची समजूत घातली, की आता बांधकामाच्या नव्या पद्धती आल्यात, काहीतरी निघेल. इंजिनिअर म्हणून ह्या वेळी एक बाई आल्या. त्यांनी पुढच्या कॉलमजवळ लादी काढून खड्डा खणून घेतला, आत टॉर्च मारून पाहिलं, टेपने मापं घेतली. तू चहा घेऊन बाहेर आलीस.

बाई म्हणाल्या, "नाही जमणार. दोनच्या वर नाही."

मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, "हो, आमची जमीनच तशी आहे ना. खाजणाची. आधीच्या इंजिनिअरनेच सांगितलं होतं."

"जमिनीला काय झालंय?" त्या म्हणाल्या. "मुरमावर बसलंय सगळं. तुमच्याच ओळीत तीन-तीन मजले उभे आहेत. तुमचा पायाच दोनचा घातलाय."

"म्हणजे तेव्हाच मोठा घातला असता तर?"

"तर आज चढवला असता. त्यात काय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. ट्रे तुझ्या हातात होता, एक कप बशीत थोडा सांडला. मग तू म्हणालीस, "घ्या, चहा निवतोय," आणि आत गेलीस.

त्यानंतरचे तीन महिने मी तुझ्यापासून लपून काढले, एकाच घरात. तू हॉलमध्ये असलीस की मी गच्चीवर. तू गच्चीवर आलीस की मला खाली काम निघायचं. एकदा तू मला जिन्यात गाठलंस. "नंदू, एक विचारू?"  मी म्हणालो, "लवकर बोल, उशीर होतोय." तू क्षणभर थांबलीस आणि म्हणालीस, "गॅसचा नंबर लावलास का?" मी म्हणालो, लावतो. तू हसलीस. तुला खरंच गॅसचंच विचारायचं होतं का? की माझा चेहरा बघून तूच मला सोडून दिलंस? मला तुझी दया नको होती, ताई. खोटं बोलतोय. दयाच हवी होती, आणि ती मागायचीही नव्हती.

रोहनने वेगळीकडे भाड्याने घर बघितलं. तू त्याला म्हणालीस, "बरं केलंस. बायकोला पहिल्या दिवशी तिचं स्वतःचं दार दाखव, मग देवघर." तो हसला. मी पेपर वाचत होतो, त्या पानावर काय होतं मला सांगता येणार नाही.

मग तुला दम लागायला लागला, आणि हॉस्पिटल. जनरल वॉर्ड, भिंतीकडची कॉट. मी दुसऱ्या दिवशी भेटायला आलो तेव्हा नर्सने तुझ्या कॉटभोवतीचा हिरवा पडदा ओढलेला होता. मी आत आलो. तू म्हणालीस, "ये. बघ माझी खोली." ऑक्सिजनची नळी होती नाकात तरी तुझी मस्करी चालूच. "खिडकी नाहीये फक्त."

ह्यापेक्षा जास्त मोकळी वाट तू मला कशी करून द्यायची होतीस? भेटायची वेळ पूर्ण शिल्लक होती. कुणी आलं नाही, कुणी अडवलं नाही, फोन वाजला नाही. मी मेडिक्लेमच्या फॉर्मबद्दल बोलत राहिलो. कुठे सही लागते, कुठली झेरॉक्स लागते. तू ऐकत होतीस. नंतर डोळे मिटून ऐकत होतीस. मी निघताना तू म्हणालीस, "जेवून जा," जणू तिथे तुझं स्वयंपाकघर होतं. पहाटे हॉस्पिटलमधून फोन आला.

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर प्रकाश खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "दादा, मी ठरवलंय. घराला ताईचं नाव द्यायचं. 'सुलोचना'. ग्रॅनाइटची पाटी करू, दारावर." त्याच्या धाकटीने कागदावर अक्षरं काढूनही आणली होती, वळणदार. आई भिंतीला टेकून बसली होती.

"पाटी नको," मी म्हणालो.

"का? वहिनी काही म्हणाली?"

पुन्हा तीच पळवाट समोर होती, आणि ह्या वेळी ती प्रकाशनेच उघडून दिली होती. सुमन तिथेच भांडी आवरत होती. ती थांबली. मी म्हणालो, सुमनचा ह्यात काही संबंध नाही. आणि सांगितलं. मुरूम, फोन, दोनचा पाया, कापलेल्या सळया, सगळं. रोहनसाठी काय विचार केला होता तेही. प्रकाशच्या मुलींसमोर.

प्रकाशने तो अक्षरांचा कागद हातात घेतला. मला वाटलं, तो उठून माझ्या कानाखाली देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मला दोन बरे वाटत होते दादा. म्हणून मी कधी विचारलंच नाही, इंजिनिअर नक्की काय बोलला ते." आणि त्याने कागदाची घडी घालून मुलीच्या हातात दिली.

आई काही बोलेल म्हणून मी थांबलो होतो. शिव्या देईल, रडेल, तिने काहीतरी करावं. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ह्या तिका सांगूक व्हया होता. माका कित्याक सांगतंस?"

  ती उठून हळूहळू आत गेली.

पाटी लागणार नाही. जे घर तुझं होऊ दिलं नाही, त्यावर तुझं नाव लिहून मी लोकांकडून आणखी एकदा मान हलवून घेणार नाही. आई म्हणाली ते बरोबर आहे, हे तुलाच सांगायला हवं होतं. उशीर झाला हे कळतंय, तरी सांगतो. खड्ड्यात पाणी होतं, ते त्या ओळीत सगळ्यांच्याच खड्ड्यात निघालं होतं. त्याच्याखाली मुरूम होता. इंजिनिअर तीन म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी फोन करून पुन्हा म्हणाला होता.

ताई, जमीन चांगली होती.